भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

गूगलबाबाला 'कशेळी' विचारलं की तो आधी तुम्हाला रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन सोडतो. कनकादित्याचं देऊळ, देवघळीचा समुद्र, फोटोच फोटो. ती कशेळी सुंदर आहे यात वाद नाही, पण मी जिच्याबद्दल लिहितोय ती कशेळी वेगळी. ठाण्याहून बाळकुम सोडून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालात की खाडीवर एक पूल लागतो, तो ओलांडला की आलीच. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा आणि मैलोन्मैल गोदामं. पर्यटक इथे फिरकत नाहीत. इथे येतात ते ट्रक, आणि ठाण्यात घर परवडत नाही म्हणून वन बीएचके शोधणारी आमच्यासारखी माणसं. आता तर मेट्रो ५ च्या नकाशातही कशेळी नावाचं स्टेशन आहे.

पण पुलावर ट्रॅफिक जॅम असेल (म्हणजे रोजच :) ) तर खिडकीतून खाली बघा. हे पाणी उल्हास नदीचं. पश्चिमेला घोडबंदरला वळसा घालून ते वसईला समुद्राला मिळतं. कशेळीच्या थोडं वरच्या अंगाला, साकेत-कळव्याच्या बाजूला, एक अरुंद फाटा दक्षिणेकडे ठाण्याच्या रेल्वे पुलांखालून जातो. तोच पुढे रुंद होत होत ठाण्याची खाडी बनतो आणि ट्रॉम्बे, शिवडी करत मुंबई बंदराला भेटतो. म्हणजे पुलाच्या पलीकडचं ठाणे हे तांत्रिकदृष्ट्या एका बेटावर आहे! साष्टी बेट. सहासष्ट गावांचं म्हणून साष्टी. वसईहून निघालेली होडी घोडबंदर, कशेळी, ठाणे करत मुंबई बंदरात उतरू शकायची. बेटाला जवळजवळ प्रदक्षिणाच. १५३४ नंतर पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे, १७७४ च्या अखेरीस इंग्रज अशी सगळ्यांनी या बेटासाठी मारामारी केली ती या पाण्यावरच्या नाक्यांसाठी.

आज त्याच खाडीच्या दक्षिणेकडच्या भागात लाखभर रोहित पक्षी येतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. अग्निपंख हेही त्याचंच नाव. जानेवारी २०१९ मधल्या बीएनएचएसच्या मोजणीत हा आकडा १ लाख २० हजारांच्या आसपास होता. दोन कोटी लोकांच्या महानगराच्या मधोमध! या पक्ष्यांना आपण कसं वाचवलं, आणि वाचवताना नेमकं काय विसरलो, त्याची ही गोष्ट. माझ्या मते तिचे तीन अंक आहेत. पहिल्या अंकात कायद्याने पक्षी वाचवला, दुसऱ्यात जागा वाचवली. तिसरा अंक अजून रंगायचाय आणि तो घड्याळाचा आहे. पण आधी पहिला.

१५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. ही फक्त साहेब लोकांची हौस होती असा आपला समज असतो. पण या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज सुरू झाला ते, आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणा आणि निसर्गाचा अभ्यास हे दोन्ही एकाच पिढीचे उद्योग होते ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात कुणी सांगितली नाही.

त्या आठांतले तिसरे गृहस्थ मला फार आवडतात. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, टोपणनाव 'ईएचए'. जन्म १८५१, साताऱ्याचा. नोकरी कस्टम्स आणि मीठ खात्यात. म्हणजे मिठागरं हा त्यांच्या खात्याचा विषय आणि पक्षी हा छंद. वीकेंडला छंद करणाऱ्या पगारदार माणसांचे आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही! १९०० मध्ये त्यांचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. मीठ आणि पक्षी या जोडीकडे आपण पुन्हा येणार आहोत, तेवढं लक्षात ठेवा.

तेव्हा पक्ष्यांना भीती होती ती बंदुकीची, बाजाराची आणि फॅशनची. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसं लागायची आणि त्यासाठी जगभर बगळे मारले जायचे. १८८७ मध्ये हिंदुस्थानात रानपक्ष्यांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला. विणीच्या हंगामात पक्षी बाळगणं-विकणं यावर बंधन, एवढाच त्याचा आवाका. १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. १९१२ मध्ये थोडा मोठा कायदा. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला, त्याच्या मसुद्यात बीएनएचएसचे हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. आणि १९७२ मध्ये आला आजचा वन्यजीव संरक्षण कायदा. या सगळ्या प्रवासाचा गाभा एकच होता: पक्ष्याला मारू नका. अभयारण्यांची तरतूद होती, पण अभयारण्य म्हणजे जंगल. कर्नाळा १९६८ मध्ये झालं तेही डोंगर आणि झाडी असलेलं. चिखलाला अभयारण्य करायचं कुणाच्या मनात येणार?

कारण चिखल ही आपल्याकडे शिवी आहे. खाडीकाठची भाषाच बघा. 'पडीक', 'खार', 'दलदल'. खाडीकाठच्या आगरी-कोळी समाजाला मात्र चिखलाची किंमत माहीत होती. त्यांनी बांध घालून खारजमीन शेतीखाली आणली आणि मिठागरं उभी केली. अलिबाग-पेणकडे तर बांधांची देखभाल करण्यासाठी 'शिलोत्री' नावाची जमीन-व्यवस्थाच होती. या बांधांना उघडी असायची, पाणी आत-बाहेर करता यायचं. समुद्राला पूर्ण हाकललेलं नव्हतं, त्याच्याशी करार केलेला होता.

मग मात्र करार मोडत गेले. १८५४ मध्ये ठाण्याच्या खाडीवरून रेल्वे कल्याणला गेली. आधीच अरुंद असलेल्या गळ्यात पुलाचे खांब आले. पुढे १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा पहिला पूल, १९९७ मध्ये दुसरा, १९९९ मध्ये ऐरोलीचा. भराव पडत गेले, खाडी आकसली, पाण्याचा वेग कमी झाला आणि गाळ साचत गेला. त्यात दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी.

आता इथे गोष्टीला एक विचित्र वळण मिळतं. गाळ साचला म्हणून ओहोटीला उघडी पडणारी चिखलपट्टी वाढली. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे त्या चिखलावर आणि पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजलं. छोटा रोहित हा पक्षी नेमका तेच खातो. मान खाली घालून, चोच उलटी पाण्यात फिरवून, चोचीतल्या गाळणीने तो शेवाळ गाळून घेतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीच्या चिखलात हे गुलाबी पाहुणे दिसायला लागले आणि वर्षागणिक वाढत गेले. थोडक्यात काय, तर ज्या फ्लेमिंगोंचे फोटो आपण 'मुंबईतला निसर्ग' म्हणून फॉरवर्ड करतो, ते काही अंशी आपल्या ड्रेनेजचं फलित आहेत. रोमँटिक नाही, पण खरं आहे. आणि म्हणूनच 'सगळं होतं तसं ठेवा' हे वाक्य या खाडीला लागू होत नाही. 'होतं तसं' म्हणजे कुठल्या सालचं?

दुसरा अंक जागेचा. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. या कराराची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यात चक्क मोजता येण्यासारखे निकष आहेत. एखाद्या जागी नियमितपणे २० हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का पक्षी येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची. सौंदर्य, भावना वगैरे काही नाही, सरळ थ्रेशोल्ड. ठाण्याची खाडी पहिला निकष कितीतरी पटींनी ओलांडते.

आपल्याकडेही चाकं फिरली. १९९१ मध्ये सीआरझेड अधिसूचना आली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात ती आणखी पक्की केली. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. आणि ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं: ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान, सुमारे १६९० हेक्टर. त्यात साधारण ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी-चिखल. मालवणच्या १९८७ च्या सागरी अभयारण्यानंतर राज्यातलं हे दुसरं. २०२१ मध्ये भोवतालचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा ठरला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६५२१ हेक्टरांना रामसर दर्जा मिळाला. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी रामसर जागा.

हे काही थोडकं काम नाही. बुलेट ट्रेन या खाडीच्या वरून न जाता सुमारे ७ किलोमीटर तिच्या पोटाखालून बोगद्यातून जाणार आहे, त्यामागे हे अभयारण्यही आहे. १२ जानेवारी २०२४ ला उघडलेल्या अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला आवाज अडवणाऱ्या भिंती लावल्या गेल्या. चिखलासाठी एवढं कुणी करेल असं ईएचएच्या काळात कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

मग आता अडचण काय? अडचण अशी की अभयारण्याची हद्द नकाशावर आखली जाते आणि नकाशाला वेळ नसते. खाडी मात्र दिवसात दोनदा बदलते. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी ओहोटीपेक्षा पाच मीटरच्या आसपास वर येतं. म्हणजे दीड मजला! ओहोटीला जिथे मैलभर चिखल पसरलेला असतो, तिथे सहा तासांनी पाणी असतं. रोहित उंच, थोडं पाणी त्याला चालतं. पण चिखलातले किडे-गांडुळं टिपणारे तुतवार, चिखल्या, टिलवे असे बोटभर पायांचे पक्षी, यातले कित्येक सैबेरियापासून उडत आलेले, त्यांनी काय करायचं? ते पोहत बसत नाहीत आणि खारफुटीच्या दाट झाडीतही बसत नाहीत, कारण शत्रू येताना दिसला पाहिजे. त्यांना हवी असते उघडी, उथळ पाण्याची, शांत जागा. आणि जवळ. कारण उडायला चरबी जळते आणि हीच चरबी साठवून त्यांना उन्हाळ्याआधी परत हजारो किलोमीटर जायचं असतं.

अशा पक्ष्यांना दोन घरं लागतात. ओहोटीचं स्वयंपाकघर आणि भरतीची झोपायची खोली. आपण अभयारण्य केलं ते बहुतांशी स्वयंपाकघराचं.

झोपायच्या खोल्या कुठे आहेत? भांडुप उदंचन केंद्राजवळची पाणथळ आणि मिठागरं. नेरूळ-सीवूड्सकडे टी. एस. चाणक्य, एनआरआय संकुल आणि डीपीएस शाळेमागचं तळं. उरणकडे बेलपाडा, भेंडखळ, पाणजे. यातल्या बऱ्याच जागांना बीएनएचएसने खाडीच्या 'उपग्रह पाणथळी' म्हटलं आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या, पण त्याच्याशिवाय अपुऱ्या. आणि गंमत म्हणजे यातल्या कित्येक जागा 'नैसर्गिक' नाहीतच. कुठे मिठागर, कुठे बांधकामाच्या ओघात उरलेला खोलगट भाग, कुठे पाइपातून भरतीचं पाणी येतं म्हणून जिवंत असलेलं तळं. मीठ खात्यातल्या एटकेनसाहेबांची जोडी आठवली ना? मिठागराचे उथळ वाफे म्हणजे पक्ष्यांसाठी भरतीच्या वेळचं तयार विश्रांतिगृह. मीठ पिकवणाऱ्यांनी नकळत पक्षी सांभाळले.

म्हणूनच या जागांचं नुकसान करायला बुलडोझर लागत नाही. एक पाइप बुजवला की पुरे. डीपीएस तळ्यात २०२४ मध्ये हेच दिसलं. भरतीचं पाणी आत येण्याचा मार्ग अडला, तळं सुकलं आणि तिथे फ्लेमिंगो मेले. त्याच वर्षी २० मे च्या रात्री घाटकोपरवरून जाणाऱ्या विमानाला थवा धडकला, ३९ फ्लेमिंगो गेले. त्या रात्री ते वाटेत का आले यावर बरेच वाद झाले. पण रात्री-अपरात्री एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडणं हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग आहे एवढं तर स्पष्ट दिसलं. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. सुमारे ३० एकरांचं तळं, पण माझ्या लेखी हा तिसऱ्या अंकातला महत्त्वाचा प्रवेश. पहिल्यांदाच आपण स्वयंपाकघराबाहेरच्या खोलीला दार लावायचं ठरवलं. एनआरआयच्या बाजूचं प्रकरण जास्त लांबलं. तिथे गोल्फ कोर्स आणि घरांचा प्रकल्प होता, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो रोखला आणि सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली.

तुम्ही म्हणाल, घरं नकोत का माणसांना? हवीत. कशेळी-काल्हेर पट्ट्यातल्या बिल्डिंगमध्ये राहून खारजमिनीवरच्या घरांना नाकं मुरडणं मला शोभणार नाही. २०२४ मध्ये मुलुंड-भांडुप-कांजूरच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरलं. त्यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोलता येईल. माझा मुद्दा लहान आहे. 'या प्लॉटवर पक्षी नाहीत' असं जेव्हा एखादा अहवाल सांगतो, तेव्हा तो किती वाजता बघून सांगतो? मिठागरावर ओहोटीला गेलात तर दोन शेकाटे आणि एक कुत्रा दिसेल. भरतीला गेलात तर हजारभर पक्षी दिसू शकतील. दोन्ही निरीक्षणं खरी. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको, लोड नसताना घेतलेली टेस्ट कायम पासच होते.

जगात हा प्रश्न इतरांनाही पडलाय. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 'द वॉश' नावाची मोठी खाडी आहे. तिथे स्नेटिशमला दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्यांच्या काँक्रीटसाठी खडी काढली, त्याचे खड्डे उरले. आज भरतीला हजारो पक्षी खाडीतून उठून त्याच खड्ड्यांवर येऊन बसतात. तिथल्या पक्षी संस्थेने ते खड्डे राखीव केलेत आणि लोक भरतीचं वेळापत्रक बघून तो देखावा पाहायला येतात. याच्या उलटं उदाहरण दक्षिण कोरियाचं. साएमानगुमला ३३ किलोमीटरची भिंत घालून २००६ मध्ये अख्खी चिखलपट्टीच समुद्रापासून तोडली. तिथे थांबणाऱ्या 'ग्रेट नॉट' या पक्ष्याची संख्या इतकी घसरली की २०१५ मध्ये त्याला जागतिक यादीत 'संकटग्रस्त' गटात टाकावं लागलं. तिथले पक्षी शेजारच्या खाडीत जाऊन सुखाने राहिले नाहीत. शेजारची खाडी आधीच भरलेली असते.

आपल्याकडचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण जागा थोड्या आहेत आणि माहीत आहेत. काय करायचं तेही साधं आहे. पाणी येण्याचे मार्ग उघडे ठेवायचे, उघडी नीट राखायची, आणि उथळ तळ्यांवर खारफुटी दाटत असेल तर जाणत्यांना विचारून तिथे मोकळी जागा ठेवायची. शेवटचं थोडं अवघड, कारण २००५ पासून आपण 'खारफुटी म्हणजे चांगली' एवढं पाठ केलंय. चांगली आहेच. पण चिखलाचीही बाजू आहे आणि कोर्टात त्याला अजून झाडाइतका वकील मिळालेला नाही.

२०२२ च्या जानेवारीत बीएनएचएसने इथल्या सहा फ्लेमिंगोंच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं हुमायून, हुमायून अब्दुलअलींवरून. त्याच पावसाळ्यात हा हुमायून खाडी सोडून गुजरातला पोहोचल्याचं स्क्रीनवर दिसलं. १९५१ चा कायदा ज्यांनी घडवला त्यांना पक्षी बंदुकीपासून वाचवायचा होता, आणि तो वाचला. त्यांच्या नावाचा पक्षी आता दुसरंच काहीतरी दाखवून देतोय: की त्याचं घर एका हद्दीत मावत नाही. ते खाडी, तळी, मिठागरं आणि कच्छपर्यंतच्या वाटेवर पसरलेलं आहे, आणि त्यातली कुठली खोली कधी लागेल हे चंद्र ठरवतो.

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मे, बघायला जायचं असेल तर ऐरोलीच्या कांदळवन केंद्रातून बोट सुटते. जाच. पण एकदा बोटीऐवजी नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे मोठ्या भरतीच्या वेळी जा. मोबाइलवर भरतीची वेळ मिळते, ती रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते एवढं ध्यानात ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं की 'तिथे कुठे पक्षी आहेत, नुसता चिखल आहे', तर भांडू नका. फक्त विचारा, किती वाजता पाहिलंत?